आशिल्लें

चार तासांचे अडीच हजार, पेट्रोल धरून,
पार्किंग वेगळं.
बस्त्यांवची वॅगन-आर, आरशाला रोझरी,
माझ्या बाजूची काच अर्ध्यावर अडकलेली.
"काका, पुढं बसा. तुम्ही मागं बसलात
की मी नुसता ड्रायव्हर होतो."

रायबंदर मागं पडलं
आणि शहर सुरू झालं म्हणाला.
मला माड दिसले,
जांभ्याचा एक शेवाळलेला गडगा,
त्याच्या सावलीत एक कुत्रं,
सावलीपुरतंच लांब.
"हांगा सोनारांचो बाजार आशिल्लो."
डावा हात गिअरवरून उठतो,
माडांमधली मोकळी जागा दाखवतो,
परत गिअरवर.
"हांगा घोड्यांचो लिलांव.
हांगा मोटीं घरां, तीन माळ्यांचीं,
खिडक्यांना काचेऐवजी शिंपले."
मी माना डोलावतो.
डोलावण्याचेही पैसे दिलेले आहेत.

मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
आधी साखळी, मग फळी, मग ते मशीन आलं.
आहे त्याचा नकाशा होतो.
नाही त्याची हद्द कुठून धरायची?
डोळे सवयीनं खुणेचा दगड शोधतात.
दगड गेले, बस्त्यांव सांगतो,
साथीनं माणसं नेली, मग होड्यांनी दगड,
खाली पणजीला, नवी घरं बांधायला.
"शहर मेलं नाही काका. बदली झाली."
बदली मला ठाऊक आहे. नऊ झाल्या.
आम्ही दोघं हसलो,
मी थोडा जास्त.

चौकात हातकातरो खांब.
त्याच्यापासून चार हातांवर
खासगी बसचा कंडक्टर दाराला लोंबत
पणजी पणजी पणजी.

ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी उतरलो.
अर्धाच उभा आहे, अर्ध्याचं काय झालं
हे उभ्या अर्ध्यालाच विचारावं.
फरशीत थडग्यांच्या शिळा, अक्षरं पायांनी झिजलेली.
एकीवरून चालायचं म्हणून चप्पल काढली,
मग वाटलं, अनवाणी तरी का चालावं,
चप्पल घातली आणि कडेकडेनं गेलो.
साल विचारलं की बस्त्यांव अडखळतो.
सोळाशे, नाही, सतराशे,
"खूब पयलीं," म्हणतो आणि पाणी पितो.

आशिल्लें.
आपलं 'होतं' दार ओढून घेतं.
यांच्या शब्दात 'आसा' अजून आत बसलेला,
दिवा न लावता.

परतताना बायपासला गाडी मंदावली.
मला वाटलं, टायर.
डावा हात गिअरवरून उठला,
तोच, तेवढाच,
उड्डाणपुलाच्या दोन खांबांमधल्या
मोकळ्या जागेकडं.
"हांगा आमचें घर आशिल्लें."

"सर्व्हे नंबर?" माझ्या तोंडून गेलं,
मयताला गेल्यावर वय विचारतात तसं.
"एकशे अठरा, पोटहिस्सा तीन.
दोनशे दहा चौरस मीटर."
एका दमात. न अडखळता.
"व्हरांड्याच्या खांबावर लाल फुली मारलेली.
आवयनं घासून काढली, दोनदा.
तिसऱ्यांदा मारणाऱ्याला तिनं चहा दिला."

ती फुली मी मारलेली आहे.
इथं नाही. तासगावला, कवठ्याला, जतच्या रस्त्यावर,
लाल ऑइलपेंट, दोन बोटांचा ब्रश,
चहाही प्यालो आहे, बशीत ओतून.
नंबर आठवायला लागलो.
एकही आठवला नाही.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.
"हें टूरांत ना, काका," बस्त्यांव म्हणाला,
"हाचे पयशे नात."
दिवाडीची फेरी आधी, की जेवण?
मी म्हटलं, जेवण.
आणि काच वर करायला गेलो,
ती अर्ध्यावर आहे हे विसरून.